माय कितेरियाची वर्दी

दामियाना रागावली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. नवखा माणूस फसतो, त्याला वाटतं बाई शांत झाली. एरिवान इलेक्ट्रिशियन काही नवखा नव्हता, त्याचं गॅरेज तिच्या घरासमोरच आहे, तरी त्या निवडणुकीच्या ऑगस्टमध्ये तो तीनदा फसला.

पहिल्यांदा म्हणाला, "मागची बॅटरी मेली." बॅटरी बदलली, आठ दिवसांत नवीही मेली. दुसऱ्यांदा म्हणाला, "मग रिले गेला असणार." रिले बदलला, चार दिवसांत पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने कानामागे खाजवलं आणि म्हणाला, "आता अल्टरनेटर काढून बघावा लागेल."

"एरिवान," दामियाना अगदी हळू म्हणाली, "तू डॉक्टर झाला नाहीस ते बरं झालं. पेशंटचा एकेक अवयव कापत गेला असतास आणि शेवटी म्हणाला असतास, की याला ताप होता."

बेकरीसमोर आम्ही पाच-सहा जण कॉफी पीत उभे होतो. सगळे हसले. मी सगळ्यांत जोरात हसलो.

तिची गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. टपावर चार कर्णे, आत अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बॅटऱ्या. पुढची इंजिनासाठी, मागची आवाजासाठी. इंजिन चालू असलं की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि मागची भरत राहते. इंजिन बंद केलं की तोडतो, म्हणजे एखाद्याचं भाषण कितीही लांबलं तरी गाडी सुरू करण्यापुरता जीव पुढचीत उरतो. दहा वर्षं हे सगळं बिनबोभाट चाललं. त्या ऑगस्टमध्ये मात्र मागची बॅटरी भरेनाशी झाली. अर्धा तास बोललं की कर्णे घोगरे व्हायचे आणि मग मुके.

आमच्या काटिंगेरात ती व्हॅन म्हणजे गावाचं तोंड. कुणाची बकरी हरवली, लसवाली बाई कधी येणार, कापडाचा सेल, संतांची मिरवणूक, सगळं दामियाना सांगणार. नवरा दक्षिणेला इमारतींच्या कामावर गेला, दोन पत्रं पाठवली आणि संपला. पोरं वाढवायला तिने चौदा वर्षं तलावावर लोकांचे कपडे धुतले. तिथून या काठावरून त्या काठावर ती अशी हाक मारायची की धुणाऱ्या बाया दचकायच्या. ती हाक ऐकून आधीच्या गाडीवाल्या म्हाताऱ्याने तिला माईकसमोर बसवलं, आणि तो थकल्यावर गाडी तिनेच घेतली. तिचा एकच नियम होता. मरणाची वर्दी फुकट, आणि ती सगळ्यांच्या आधी. मग आमदाराची सभा असली तरी आमदार उन्हात उभा.

आता रंगाचं सांगतो, कारण तो माझा धंदा आहे आणि माझं पापही. आमच्याकडे माणूस एक तर लाल असतो नाहीतर निळा. बेकऱ्या दोन, न्हावी दोन, लाल पोरीला निळा मुलगा सांगून आला तर घरात महिनाभर भांडी आपटतात. निवडणूक आली की आवाजाची गाडी ज्या पक्षाला मिळते त्या पक्षाचा रंग तिला चढतो. मागच्या खेपेला ती लाल होती, या खेपेला निळ्यांनी घेतली. निळ्यांचा प्रचार सांभाळणारा वाल्देसीर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "अदेरबाल, सभेत मागचं दार उघडं असतं. आत नखाएवढा जरी लाल दिसला ना, तरी लोक म्हणतील बाई वरून निळी आणि आतून लाल. मला बोलणी ऐकायची नाहीत."

मूर्ख माणूस. आणि मी त्याहून मूर्ख, कारण मला ते पटलं. मी मागचं सगळं बाहेर काढलं. सीट काढली, बॅटरी उचलली, जिथे जिथे बोल्टखाली लाल डोकावत होता तिथे बोल्टही काढले. तीन हात मारले. असं चोख काम मी आयुष्यात केलं नव्हतं. सगळं जागच्या जागी बसवून गाडी दिली, तेव्हा मला वाटलं, यासाठी कुणीतरी माझी पाठ थोपटायला हवी.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी पहाटे माय कितेरिया गेली.

ती आमच्या गावची सुईण. नव्वदीला आलेली, एकटी, स्वतःचं मूलबाळ नाही. दवाखाना व्हायच्या आधी इथे जो जन्मला तो तिच्याच हातावर. अशांना आमच्याकडे नाळेची लेकरं म्हणतात, आणि नाळेच्या आईची शवपेटी नाळेच्या लेकरांनीच उचलायची असते. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. उन्हामुळे प्रेत ठेवता येत नाही, पाद्री शेजारच्या गावाहून यायचा आणि त्याला साडेचारची बस धरायची, म्हणून चारला पुरायचं ठरलं. मोबाईल तेव्हा दोघाचौघांकडे होते, आणि नदीपलीकडच्या कौलांच्या भट्ट्यांवर त्यांना रेंज नसायची. तिची बहुतेक लेकरं तिथेच. लाल वस्ती ती, कडवी.

आठला दामियानाने वर्दी सुरू केली. मी बेकरीसमोरच होतो. "मोठ्या दुःखाने कळवत आहे," तिचा आवाज आला, "की आपली माय कितेरिया..." बाजाराची गल्ली झाली, चर्चची गल्ली झाली. शाळेच्या कोपऱ्यावर कर्णे घरघरले, नाव अर्धवट तुटलं, आणि गाडी मुकी झाली.

ती गाडी रेटत बेकरीला लागूनच असलेल्या आपल्या घरापाशी आली. एरिवानच्या गॅरेजला कुलूप. तो निळ्यांच्या सभेची लाईट लावायला शेजारच्या गावी गेला होता. त्याच्या बायकोने खिडकीतून मीटर दिला आणि म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही गं बाई."

"त्यालाही कळत नाही," दामियाना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू काय कॉफीत बुडून मरणार आहेस? ये इकडे. इंजिन चालू ठेव, मी सांगते तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर दाब."

तीन वेळा तिने एरिवानला बघितलं होतं. त्याने जे केलं तेच तिने आधी केलं. मीटरची काळी वायर दाराच्या बिजागरीला, लाल वायर मागच्या बॅटरीच्या अधिक टोकाला. चौदा पॉइंट दोन.

"बघ. हेच दाखवतो तो मला. चौदा येतायत, म्हणजे चार्ज येतोय, म्हणजे बॅटरी खराब. नवी आणली तरी खराब. अख्ख्या देशात चांगली बॅटरी उरलीच नाही म्हणायची."

ती उकिडवी बसून राहिली. शेजारणी दारात जमल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "चर्चची घंटा वाजवू या." दामियानाने तिच्याकडे बघितलंही नाही. घंटा भट्ट्यांपर्यंत पोचत नाही हे त्या बाईलाही माहीत होतं.

"अदेरबाल, तो काळी वायर दरवेळी बिजागरीलाच का लावतो?"

"सवय असेल. जवळ पडते."

"बॅटरीला टोकं दोन. मग एकालाच का विचारायचं?"

तिने काळी वायर बिजागरीवरून काढली आणि बॅटरीच्या वजा टोकाला लावली. लाल तिथेच. मीटरवर अकरा पॉइंट सहा. इंजिन धडधडतंय आणि बॅटरीला ते माहीतच नाही. मग तिने एक वायर वजा टोकाला ठेवली आणि दुसरी बिजागरीला. दोन पॉइंट सहा.

शाळा तिची चौथीत सुटलेली, पण हिशेब तिने माझ्याआधी केला. "वजा टोक आणि गाडीचा पत्रा एकच असायला पाहिजे. इथे शून्य यायला पाहिजे. मध्ये काहीतरी आडवं बसलंय."

वजा टोकापासून एक जाड काळी वायर निघून मागच्या पत्र्यावर बोल्टखाली जात होती. ती अर्थिंगची वायर. तिने पाना लावला. बोल्ट सुटला, वायरची चकती उचलली गेली. खाली पत्रा दिसायला हवा होता. खाली होता निळा रंग. गुळगुळीत, चकचकीत, तीन हातांचा.



"हे तू रंगवलंस," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"बोल्टच्या कडेने लाल दिसत होतं."

"तीन आठवडे मी त्या एरिवानला गावासमोर फाडून खातेय. तीन आठवडे तू तिथे उभा राहून दात काढतोयस."

"मला माहीत नव्हतं, दामियाना. शपथ."

"तुला माहीत नव्हतं, त्याला कळत नव्हतं, आणि माय कितेरिया तिकडे फळीवर झाकून ठेवलीय." तिने माझ्या हातात सुरी दिली. "खरवड."

मी खरवडायला लागलो. निळा निघाला, चकतीच्या कडेने माझाच चार वर्षांपूर्वीचा लाल. लालखाली त्याच्या आधीचा निळा. एवढ्याशा जागेत किती निवडणुका भरल्या होत्या कोण जाणे. मला वाल्देसीरचा राग आला, मग त्याला हो म्हणणाऱ्या माझा आला, आणि सुरीचं टोक तुटलं. शेवटी पत्रा लागला. पॉलिश पेपरने तो उजळ केला, चकती घासली, बोल्ट आवळला. बॅटरीच्या दोन टोकांत तेरा पॉइंट चार आले आणि चढू लागले. सगळं होईपर्यंत दहा वाजून गेले होते.

तेवढ्यात वाल्देसीर आला. खिशाला निळा बिल्ला. "दहाला टाकीजवळ सभा होती, गाडी अजून इथेच?" त्याला कुणीतरी सांगितलं असणार, कारण पुढचं तो एका दमात बोलला. "आणि भट्ट्यांवर जायचं नाही. निळी गाडी तिकडे गेली की दगड खाईल. बाजारात वर्दी दिलीस ना? पुरे झालं. आपली माणसं पुष्कळ आहेत पेटी उचलायला. झेंडेही आणतो आपण."

"झेंडे," दामियाना म्हणाली.

"म्हातारी निळ्या गल्लीत राहायची. चार माणसांना दिसायला नको?"

"वाल्देसीर, गाडी माझी आहे. तुमचा फक्त रंग आहे. रंग हवा असेल तर खरवडून घेऊन जा, हा पेंटर मोकळाच आहे. आणि झेंडा घेऊन स्मशानात आलास तर त्याच काठीने..." पुढचं ती इतकं हळू बोलली की मला ऐकू आलं नाही. वाल्देसीरला ऐकू आलं. तो बाजूला झाला.

"बस गाडीत," ती मला म्हणाली. "बॅटरीवर नजर ठेव. पुन्हा घोगरा झाला तर तुलाच टपावर बांधते."

आधी ती टाकीकडची घरं, मग दवाखान्याची बाजू, कुठलीही गल्ली न सोडता फिरली. आवाज असा लागला होता की खिडक्यांची तावदानं थरथरत होती. नदीचं कोरडं पात्र ओलांडून आम्ही भट्ट्यांवर पोचलो तेव्हा एक वाजला होता.

माणसं भट्टीच्या सावलीत जेवत होती. निळी गाडी बघून कुणी उठलं नाही. दामियानाने वर्दी वाचली, सावकाश, दोनदा. "...माय कितेरिया हिचं आज पहाटे निधन झालं. चार वाजता..." एक मातीचं ढेकूळ येऊन काचेवर फुटलं. कुणीतरी ओरडलं, "मेलेल्यांच्या नावावर मतं मागतायत. निळ्यांना लाज नाही." दुसरा म्हणाला, "खरंच मेली असती तर आपल्याला आपल्या माणसांनी सांगितलं असतं."

मी म्हटलं, "चल इथून."

तिने कागद चुरगाळून माझ्या मांडीवर टाकला आणि माईक तोंडाजवळ घेतला.

"एवाल्दो. हो, तूच, ढेकूळ मारणारा. पायाळू होतास तू. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुझ्या आईने जीव काढला, आणि माय कितेरियाने तुला पाय धरून जगात ओढला. ती नसती तर आज ढेकूळ मारायला हात नसते तुला. त्याच्या मागे कोण तोंड लपवतोय, जेनेझियो? तुझ्या गळ्याला नाळेचे दोन वेढे होते, तू जांभळा आलास. तिने तुझ्या तोंडात फुंकर घातली. ती फुंकर लाल होती का निळी होती, सांग मला. आणि तू गं, मार्लुस, खिदळू नकोस. तुझी आई घरापर्यंत पोचलीच नाही, तू बैलगाडीत झालीस, आणि म्हातारी गाडीमागे पळत आली होती, अनवाणी, याच उन्हात. तुम्हाला पुरावा हवाय? तुमच्या बेंब्या बघा. गाडीचा रंग बघताय मघापासून, हरामखोरांनो. उघडा शर्ट आणि बेंबी बघा."

कर्ण्यांचा आवाज भट्ट्यांवर आदळून परत येत होता. एवाल्दो, चाळिशीचा दांडगा गडी, हातातला वाडगा खाली ठेवून उभा राहिला. त्याने खरंच शर्टावरून हात फिरवला. मग म्हणाला, "माय खरंच गेली?"

"नाही, मला उन्हात फिरायची हौस आहे."

ते निघाले. हातपाय मातीने भरलेले तसेच, बायका डोक्याला फडकी बांधून, पोरं मागून. नदीच्या पात्रातून ती रांग जाताना मी बघितली आणि मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

दोन वाजून गेले होते. मी म्हटलं, "झालं. आता परत."

"सालगादो वस्तीची तीन घरं राहिली."

"तिथे जायला-यायलाच पावणेदोन तास. तू पोचणार नाहीस चारला."

"तीन घरांत तिची पाच लेकरं आहेत. त्यांनी काय उद्या ऐकायचं, की काल आई पुरली?" तिने गिअर टाकला. "दोन तास हातात असते तर पोचले असते."

ते दोन तास कुठे गेले, ते माझ्या नखांत भरलेला निळा रंगच सांगत होता.

सालगादोचा रस्ता म्हणजे बकऱ्यांची वाट. तिथे एक म्हातारी कपडे बदलल्याशिवाय निघेना. तिला तीन वर्षांत गावात जायला मिळालं नव्हतं, आणि मायच्या मातीला ती फाटक्या झग्यात येणार नव्हती. दामियानाने तिला घाई केली नाही. सात जणांना गाडीत कोंबून आम्ही परतलो. येताना तिने माईक घेतला नाही. घसा बसला होता, आणि सांगायला कुणी उरलंही नव्हतं.

स्मशानाच्या फाटकाशी आलो तेव्हा साडेचारला पाच कमी होते. आत इतकी माणसं मी कधी एकत्र बघितली नव्हती. पाचशे, सहाशे, लाल निळे सगळे मिसळलेले, एकही झेंडा नाही. दामियाना माणसांतून वाट काढत पुढे गेली. मी तिच्या मागे.

माती ओढून झाली होती. वर फुलं ठेवली होती. पाद्री बससाठी निघून गेला होता.

बेकरीवाला पुढे आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दामियाना, आज आवाज काय स्वच्छ होता. शब्द न् शब्द ऐकू आला."

तिने त्या ढिगाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तीस वर्षं या गावाचा रोज पाणउतारा करणारी बाई मातीपाशी गुडघ्यांवर बसली. ते मला बघवेना.

"थांबला का नाहीत?" मी ओरडलो. "सहाशे माणसं, एकाच्याही डोक्यात आलं नाही? ती पण तिचंच लेकरू आहे. धुण्याच्या दगडावर जन्मलीय ती, माय कितेरियाच्याच हातावर. दिवसभर दारोदार सांगत फिरली ती तुम्हाला. अर्धा तास थांबला असतात तर काय मेला असतात?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. एवाल्दो पुढे उभा होता, खांद्यावर पेटीच्या दांड्याचा वळ. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. तो म्हणाला, "आम्हाला वाटलं, तिला काय सांगायचं. तिला तर माहीतच होतं."

मग मी तेही सांगून टाकलं, सगळ्यांदेखत. की एरिवानची चूक लहान होती, माझी मोठी. की तो रंग मी लावला, सकाळचे दोन तास मी खाल्ले, आणि मला माफ करा.

दामियाना अजून मातीपाशीच होती. तिने मान वळवली. घशातून आवाज फुटत नव्हता, तरी तो मला ऐकू आला.

"त्यांची माफी कसली मागतोस? ते वेळेवर पोचले. माझे दोन तास मला परत दे."